शून्य लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत

नोंदणी कार्यालयातल्या कारकूनबाईंचा लॅपटॉप रोज कामाच्या ऐन घाईत अठ्ठ्याण्णव अंशांवर जाऊन बंद पडे, ही बाब कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. म्हणजे केले कोणीच काही नव्हते. चेहरे तेवढे गंभीर केले होते.

बाईंचा जीव मात्र त्या यंत्रात अडकला होता. उरलेल्या चार हजार नोंदी महिनाअखेर चढल्या, की त्यांची बदली आईच्या गावी होणार होती. आई एकटी राहत होती आणि हल्ली गॅस बंद केला की नाही, तेही तिला आठवत नसे.

उपाय बाईंना ठाऊक होता. त्यांचा धाकटा भाऊ लॅपटॉप दुरुस्त करायचा. तो म्हणाला होता, "ताई, लिनक्स आहे ना? मग प्रोसेसरचा बूस्ट, म्हणजे जादा वेग, बंद करायला सांग. उगाच ऊर फुटेपर्यंत धावतो, म्हणून तापतो. बूस्टच्या फाइलमध्ये एक आहे, तिथे शून्य लिहायचं. सावकाश चालेल, पण चालेल तरी!"

शून्य लिहायला पासवर्ड लागे आणि पासवर्ड साहेबांच्या ताब्यात होता. बाईंनी रीतसर अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"बाई, आपलं गतिमानता वर्ष चाललंय आणि तुम्ही वेग कमी करायची लेखी परवानगी मागताय?"

"पण साहेब, बंद पडलेल्या यंत्राचा वेग किती धरायचा?"

"तो कोण मोजतंय? वर कळवायची असते ती सेटिंग."

प्रकरण समितीकडे गेले. तीन बैठकांनंतर समितीला दोष सापडला: पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसतो, त्यामुळे कर्मचाऱ्यांत घबराट पसरते. आकडा काढण्यात आला. लॅपटॉप आता न सांगता बंद पडू लागला. मग जनमत अजमावायचे ठरले. खिडकीसमोरच्या रांगेत कागद फिरवले गेले: कामाचा वेग वाढवावा की कमी करावा? लॅपटॉपच्या तापण्याची गोष्ट खाली बारीक अक्षरांत होती. सगळ्यांनी 'वाढवावा'वर खूण करून सही केली.

जनमताचा मान राखून आदेश निघाला. बूस्ट कायम सुरू राहील; यंत्र तापू नये म्हणून ते कार्यालयीन वेळेत बंद ठेवावे. त्यानंतर ते एकदाही तापले नाही, आणि गतिमानतेत कार्यालयाचा पहिला क्रमांक आला. बाईंची बदली नामंजूर झाली. कारण: नोंदी अपूर्ण, शिवाय वेगाविषयी अनास्था.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "निघालीस का गं?"

"नाही जमलं, आई. गॅस बंद केलास ना?"

"थांब हं, बघून येते."

फोन कानाला धरून बाई जनमताचे कागद चाळत राहिल्या. खालची ओळ एकानेही वाचलेली दिसत नव्हती. त्या गठ्ठ्यात तुमचीही सही आहे. पेन तुम्ही मागच्या माणसाचे घेतले होते आणि तुम्ही जरा घाईत होतात.