प्लास्टरमधल्या पायाचा गोल

कप्तानाचे गोल नव्याण्णव की अठ्ठ्याण्णव, यावरून लाँड्रीत वाद पेटला तेव्हा लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री नेमकी कप्तानाच्याच जर्सीवर होती.

कप्तान म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा आघाडीपटू. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिनाही न उतरणारा. पण गोलसमोर चेंडू मिळाला की समोरचा बचाव अजूनही देव आठवायला लागे. संघाचे मात्र पार बारा वाजले होते. गोलरक्षकाला दुसऱ्या संघाने पळवले होते. प्रशिक्षक प्रत्येक पराभवानंतर राजीनामा देत आणि दुसऱ्या दिवशी तो परत मागून घेत. आणि ज्याच्या जिवावर सगळा बचाव उभा होता, तो ‘बुरूज’ नावाने ओळखला जाणारा धिप्पाड गडी घरी पडदे लावताना स्टुलावरून पडला होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. आजचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता.

लाँड्रीवाल्याला या सगळ्याचे दुःख होतेच, पण त्याची इच्छा एकच होती. कप्तानाचा शंभरावा गोल व्हावा आणि तो आपल्या डोळ्यांनी बघायला मिळावा. संघाच्या जर्सी तो पहिल्यापासून स्वतःच्या हाताने धूत आणि इस्त्री करत आला होता. निम्मा गोल आपलाच, असे त्याला वाटे.

“नव्याण्णव!” तो गरजला. “आज एक मारला की शंभर!”

“दाजी, त्यातला एक पाठीला लागून गेलाय,” दारात उभा असलेला मेव्हणा म्हणाला. तो नळाचे मीटर तपासायच्या नोकरीत होता आणि मीटर तपासता तपासता लाँड्रीत तासभर तपासणी करून जाई. “तुमचे कप्तान तेव्हा खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. गोल झाला हे त्यांना लोकांनी सांगितलं.”

“बसायचं कुठे, हे कळायलाही अक्कल लागते!”

“आणि खरं सांगू का? संघ बुडतोय तो त्यांच्यामुळेच. गेल्या तीन सामन्यांत मोकळ्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारलाय. माणसाने वेळेवर घरी बसावं.”

“घरी बसावं? कप्तानाने?” लाँड्रीवाला दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे वळला. इस्त्रीला मात्र कोणीच हात लावला नव्हता.

“अहो, काय जळतंय?” आतून बायकोचा आवाज आला.

“काही नाही ताई,” मेव्हणा नाक उडवत म्हणाला, “संघाचं नशीब.”

इस्त्री उचलली तेव्हा जर्सीच्या पाठीवरचा नऊचा आकडा इस्त्रीलाच चिकटून वर आला. मागे राहिले ते भोक. लाँड्रीवाला मटकन खाली बसला. बायको बाहेर आली, तिने भोकातून नवऱ्याकडे बघितले आणि म्हणाली, “आता रडत बसू नका. दुसरी आहे का?”

दुसरी नव्हती. संघाकडे जास्तीचे असे काही नव्हतेच. शिवाय वयाबरोबर कप्तानाचे पोटही थोडे मोठे झाले होते, त्यामुळे कोणाचीही जर्सी त्याला चढली नसती. फडताळात घडी करून ठेवलेली बुरजाची चार नंबरची जर्सी तेवढी होती.

“हीच द्या,” बायको म्हणाली. “आकडा पाठीवर असतो. घालणाऱ्याला थोडाच दिसतो? आणि तू रे, तोंड चालवण्यापेक्षा पाय चालव. सामन्याआधी प्रशिक्षकांना जाऊन सांग, म्हणजे ते खेळाडूंच्या यादीतला आकडा बदलून घेतील.”

मेव्हणा धावत गेला. पण तो पोचला तेव्हा प्रशिक्षक राजीनामा देत होते. या वेळी त्यांनी सामना सुरू व्हायच्या आधीच द्यायचे ठरवले होते. नंतर राजीनामा देणाऱ्यांची रांग लागते म्हणाले. मेव्हण्याने त्यांची समजूत काढली. प्रशिक्षकांचे डोळे भरून आले, ते पाहून मेव्हण्याचेही आले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, पाणी प्यायले आणि जर्सीचे राहूनच गेले. यादीत बुरजाचे नाव तसेच होते. तो पडल्यापासून प्रशिक्षकांनी ते काढलेच नव्हते. नुसते नाव वाचून तरी प्रतिस्पर्धी दबकतील, अशी त्यांची आशा.

तेव्हा सामन्याचे चित्रण वगैरे काही होत नसे. मैदानाच्या कडेला एका मचाणावर निवृत्त मास्तर बसत आणि भोंग्यातून जे सांगत तेच खरे; लीगच्या वहीतही तेच उतरे. मास्तरांना लांबचे चेहरे ओळखू येत नसत, आकडे मात्र स्वच्छ दिसत. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे त्यांचा विश्वासही आकड्यांवरच जास्त होता.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. आणि मग उजवीकडून चेंडू उंच आला. कप्तानाने तो छातीवर घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर गर्रकन वळला आणि चेंडू असा हाणला की जाळे मागच्या खांबापर्यंत ताणले गेले. लाँड्रीवाल्याने शेजारच्या अनोळखी माणसाला उचलून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. शंभर! बघितला एकदाचा!

“गोल!” भोंगा कडाडला. “चार नंबर! बुरूज! मोडक्या पायाने मैदानात उतरलेल्या या वीराला त्रिवार धन्यवाद!”

लाँड्रीवाल्याच्या हातातून तो अनोळखी माणूस खाली पडला.

मैदानाच्या मागच्याच घरात बुरूज खुर्चीवर पाय टाकून बसला होता. भोंगा त्यालाही ऐकू आला आणि त्याच्या बायकोलाही.

“पाण्याचा ग्लास घ्यायला उठवत नव्हतं ना तुम्हाला?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“अगं, मी इथे तुझ्यासमोर बसलोय!”

“ते दिसतंय मला. पण मास्तर कधी खोटं बोलायचे नाहीत.”

संध्याकाळपर्यंत अभिनंदनाला माणसे येऊ लागली. पहिल्याला बुरजाने शपथेवर नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याला नुसतेच हसून दाखवले. तिसऱ्याला तो चेंडू उजवीकडून कसा आला ते हाताने करून दाखवत होता.

लाँड्रीवाल्याने इकडे लीगच्या सचिवांचे दार गाठले. “साहेब, चूक माझी आहे. गोल कप्तानाचा आहे. तेवढं दुरुस्त करा.”

सचिवांनी शांतपणे ऐकून घेतले. “करतो की. पण मग तुमचा खेळाडू दुसऱ्याच्या जर्सीत खेळला, असं होईल. नियमाप्रमाणे सामना समोरच्यांना जाईल. तुमचा संघ खालच्या गटात. बोला, करू दुरुस्त?”

बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संघ वाचवावा तर कप्तान नव्याण्णववर अडकतो, आणि कप्तानाला न्याय द्यावा तर संघच बुडतो. लाँड्रीवाला घरी आला आणि न जेवता झोपला.

सकाळी लाँड्रीचे दार उघडले तर पायरीवर कप्तान बसलेला.

“कप्तानसाहेब,” लाँड्रीवाल्याने हात जोडले, “वाट्टेल ती शिक्षा द्या.”

“शिक्षा कसली? आभार मानायला आलोय.” कप्तानाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “घरी शब्द दिला होता, शंभर झाले की बूट खुंटीला. तिने इतकी वर्षं सोसलं, कधी तक्रार केली नाही. शब्द कसा मोडायचा? म्हणून गेले तीन सामने चेंडू बाहेर मारत होतो.”

“मुद्दाम?”

“आणि काय! समोर मोकळा गोल आणि आपणच चेंडू बाहेर मारायचा. फार वाईट वाटायचं हो. काल मात्र संघ बुडताना बघवेना, पाय आपोआप फिरला. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. आणि तेवढ्यात तो भोंगा! देवानेच बोलावं तसा! अजून नव्याण्णवच आहेत माझे. तुमचे उपकार विसरणार नाही. फक्त हिला कळू देऊ नका.”

लाँड्रीवाल्याचे हात तो किती तरी वेळ धरून उभा होता. मग लंगडत, पण शीळ घालत गेला.

तो वळणाआड जातो न जातो तोच कप्तानाची बायको आली. ती घरी शिवणाचा क्लास चालवायची. हातात नवऱ्याचा एक सदरा होता, पण त्याला इस्त्रीची काही गरज दिसत नव्हती.

“भाऊ, जर्सी तुमच्या हातून जळली म्हणे?”

“वहिनी, चूक झाली. माफ करा.”

“माफी कसली मागता? पाया पडायला आलेय मी!” तिने सदरा बाकावर टाकला. “मागे गुडघा दुखावला तेव्हा महिनाभर घरी होते. माझ्या क्लासात येऊन बसायचे. मुलींना टाका कसा घालावा ते शिकवायचे! स्वतःला सुईत दोरा ओवता येत नाही. दोन मुली क्लास सोडून गेल्या. सरावाला जातात म्हणून संसार चाललाय माझा. शंभर झाल्यावर कायमचे घरी बसतो म्हणाले, तेव्हापासून झोप नव्हती डोळ्याला. एवढ्या प्रेमाने शब्द दिलेला, नको कसं म्हणायचं? तुम्ही वाचवलंत. फक्त यांना कळू देऊ नका.”

ती गेली. मान खाली, चाल घाईची. पण चेहरा असा उजळलेला, जणू शंभरावा गोल तिनेच चुकवला होता.

लाँड्रीवाला बाकावर बसून राहिला. आत पडद्यामागे उभी असलेली त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. ती थोडा वेळ त्याच्या शेजारी बसली. असे ती सहसा बसत नसे.

“पुढचा सामना बाहेरगावी आहे ना?” तिने विचारले.

“हो. पण मी जात नाही आता. झाला तेवढा घोळ पुरे. दिवसभर इथेच थांबेन, तुला मदत करेन.”

बायको झटकन उठली.

“छे छे, असं कसं?” ती म्हणाली. “डबा मी आदल्या दिवशीच भरून ठेवते. तुम्ही आपले पहिल्या गाडीने निघा.”