नामदेवभाऊंचे सात थांबे

आमचे सिंदेवाहीचे शेजारी नामदेवभाऊ घरापासून आठवडी बाजारापर्यंत सात वेळा थांबतात. रस्ता दहा मिनिटांचा आहे. त्यांना पाऊण तास लागतो.

पहिला थांबा नालीपाशी, दुसरा विजेच्या वाकलेल्या खांबापाशी. मागच्या बाजारापासून तो किती बोटं वाकला, हे ते सांगतात. तिसऱ्या थांब्यावर शेवग्याच्या शेंगा मोजतात. प्रत्येक ठिकाणी सुरुवात एकच: "थांबा, इथी एक गोष्ट आहे." एका वरातीतही ते असेच थांबले. घोडी नवरदेवाला घेऊन पुढे गेली आणि बँडवाले गोष्ट ऐकत मागे राहिले.

घाईतली माणसं त्यांना पाहून गल्ली बदलतात. पत्नी पारबताबाई मात्र पिशवी टेकवून, मागे मुकाट उभ्या असतात. मुरमुऱ्याच्या भट्टीपाशी, कोंड्याच्या धुरात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या सहनशक्तीचं आम्हाला कौतुक वाटायचं.

एकदा पारबताबाई लेकीकडे गेल्या होत्या. मी भाऊंबरोबर बाजाराला निघालो. नाली गेली, खांब गेला, शेवगाही गेला. भाऊ इतके झपाझप चालत होते की शेवटी मीच त्यांना थांबवलं आणि विचारलं, आज गोष्ट नाही का?

"आज कोणासाठी थांबू?" भाऊ म्हणाले. "तिले चालतानी दम भरते. सांगतलं तं भांडते. म्हणते, भट्टीवालीले खोकला रायतेच. दोन सालाआधी तीनच थांबे होते."

फुंकून फुप्फुस तपासायचं यंत्र रुग्णालयात आहे, दुखणं लवकर सापडलं तर आवरता येतं, असं मी सांगितलं. बाई येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पारबताबाई परतल्या त्या दिवसापासून भाऊ खोकू लागले. गल्लीभर ऐकू जाईल असं, भिंत धरून. तिसऱ्या दिवशी बाईंनीच त्यांना ओढत रुग्णालयात नेलं. तिथे भाऊ यंत्राला घाबरले. पहिले तू फुकून दाखव, मग मी, असा हट्ट धरून बसले. नवऱ्याला लाजवायला बाई फुंकल्या. नर्सबाईंनी त्यांना आणखी दोनदा फुंकायला लावलं. मग भाऊ फुंकले, आणि एवढा दम असताना खोकण्याचं सोंग केल्याबद्दल बोलणी खाऊन आले.

बाईंच्या श्वासनळ्या आकसल्या होत्या. आजार जाणारा नाही, पण वेळेत सापडला, असं डॉक्टर म्हणाले. भट्टी बंद झाली. बाई आता सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप ओढतात.

पुढच्या बाजाराला आम्ही तिघं निघालो. खांबापाशी भाऊ थांबले, पण बोलले नाहीत. आता बहाण्याची गरज उरली नव्हती. बाईंनी पिशवी टेकवली, श्वास जुळवला.

"एवढे दिवस ऐकून राह्यली, आज काऊन चूप आहा?" त्या म्हणाल्या. "खांब किती वाकला, सांगा."

भाऊंनी एक डोळा मिटून खांबाकडे पाहिलं.

"दोन बोटं," ते म्हणाले. "पण थांब, इथी एक गोष्ट आहे."