शिंकेची पेनल्टी

"शिंक आली की तोंड उघडं ठेवायचं," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "नाक दाबून शिंक अडवायची नाही. नाक शिंकरायचं नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. धावणं, वाकणं, ओझं उचलणं बंद. थोडक्यात काय, नाकातोंडात हवेचा जोर येईल असं काहीही करायचं नाही."

खुर्चीत आडव्या पडलेल्या सरांनी मान हलवली. तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोरीवर आणि दोरीला लोंबणाऱ्या शिट्टीवर गेली.

"ही कशासाठी?"

"होटाहाण्याहाठी," सर म्हणाले. वरचा ओठ अजून बधिर होता.

"पोटापाण्यासाठी म्हणतायत," शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, उलगडा केला. "शाळेत खेळ शिकवतात. शिट्टीशिवाय यांना आंघोळीलासुद्धा जाता येत नाही."

"मग शिट्टी बंद. मी सांगेन तोपर्यंत."

सरांचा चेहरा पडला. निदान जेवढा भाग पडू शकत होता तेवढा पडला.

दुखणं जुनंच होतं. सरांची वरची दाढ तरुणपणी फुटबॉल लागून गेली होती. एका दाढेचं काय घेऊन बसायचं, म्हणून त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्या बाजूने चावून काढली. आता दुसरी बाजूही कुरकुरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून समजावलं होतं. दाढ गेल्यापासून तिथलं हाड झिजत गेलंय आणि वरची सायनसची पोकळी खाली उतरलीय. नवी दाढ बसवायची तर तिचा स्क्रू धरायला हाडच नाही. तेव्हा आधी पोकळीचा तळ हळूच वर उचलायचा, मधल्या जागेत हाडाची भुकटी भरायची, काही महिन्यांनी ती पक्की झाली की मग स्क्रू.

"आणि पक्की व्हायच्या आधी भुकटी सरकली तर?" सरांनी विचारलं होतं.

"म्हणून तर काळजी घ्यायची," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

हे एवढंसं वाक्य सरांच्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिथून काही केल्या हलेना. एरवी अंगणातल्या अंगणात दहा फेऱ्या मारणारा माणूस, त्यात धावायला बंदी. घरी आल्यापासून सर या खोलीतून त्या खोलीत नुसते चालत राहिले. बसले की उठत, उठले की आरशासमोर जाऊन गाल बघत. मध्येच थबकून कान टवकारत आणि म्हणत, "अगं, काहीतरी करकरलं."

"कपाट करकरलं. मी उघडलंय."

शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, हाड हलतंय."

"हाड हलत नाहीये सर, तुमची जीभ हलतेय. तिला तिथे नेऊ नका."

जिभेला तिथे न्यायचं नाही असं ठरवल्यापासून जीभ दुसरीकडे कुठे जायलाच तयार होईना.

अशात दारावरची बेल वाजली. दारात वार्षिक सामन्याच्या समितीचे चिटणीस उभे होते.

त्यांना पाहताच सर दोन पावलं मागे सरकले. गावातल्या पाणीखात्याचा आणि वीजखात्याचा दरवर्षी फुटबॉलचा सामना होई. नावाला मैत्रीपूर्ण. सर त्याचे कायमचे पंच. मागे एकदा दुसऱ्या कुणाला पंच केलं, तर त्या बिचाऱ्याच्या घरी दिवे लागेनात आणि नळाला पाणी येईना. हरलेल्यांनी राग काढला म्हणावं, तर जिंकलेल्यांनाही त्याचा एक निर्णय खटकला होता. सरांवर मात्र दोन्ही खात्यांचा विश्वास. सरांचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. यंदाचा सामना ऑपरेशनच्या आधी व्हायचा होता आणि सरांनी तारीख त्याच हिशेबाने घेतली होती. पण ऐन वेळी मैदानाखालची पाण्याची मोठी लाइन फुटली आणि मैदानाचं तळं झालं. हा पाणीवाल्यांचा डाव, असं वीजवाल्यांचं म्हणणं. पंप वेळेवर बंद केला नाही, हा वीजवाल्यांचा हलगर्जीपणा, असं पाणीवाल्यांचं.

"मैदान वाळलं," चिटणीस म्हणाले. "येत्या रविवारी सामना."

"मला फुंकायला बंदी आहे," सर म्हणाले.

"काय फुंकायला?"

"काहीच."

चिटणीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "सर, दुसरा पंच दोघांनाही मान्य होणार नाही. सामना झाला नाही तर दोन्ही खाती तुमच्यावर नाराज. मला काय, मी गॅसबत्तीवर आणि विहिरीवर भागवीन. तुमचं काय?"

सर पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. घंटा वाजवावी म्हटलं, तर मैदानाला लागूनच शाळेचं वसतिगृह. घंटा झाली की सगळी पोरं ताटं घेऊन बाहेर. ढोल घ्यावा, तर धरणार कोण? कुणा एकाला शिट्टी द्यावी, तर तो ह्या खात्याचा मेव्हणा नाहीतर त्या खात्याचा जावई.

"आणा इकडे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"शिट्टी. तुम्ही हात वर करा, मी वाजवीन. त्यात काय मोठंसं!"

"अगं, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"मला कशाला कळायला हवं? कळायला तुम्ही आहात ना. मी फक्त वारा पुरवणार."

बाई बालवाडीत शिकवत. पंचवीस-तीस कच्चीबच्ची एका जागी बसवणं हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यांनी सरांच्या गळ्यातली दोरी काढली, शिट्टी साबणाने खसखसून धुतली आणि एकदाच फुंकली. शेजारच्या घरातलं भांडण थांबलं.

रविवारी मैदानावर ही गर्दी. सरांनी मैदानाच्या मधोमध जागा घेतली. धावायचं नसल्यामुळे ते दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे असे तळमळत होते. बाई पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून चेंडूमागे पळत होत्या आणि दर क्षणी मागे वळून सरांच्या हाताकडे बघत होत्या. हात वर झाला की शिट्टी. बेत झकास जमला. अडचण एवढीच, की बाई हळूहळू हाताची वाट बघेनाशा झाल्या.

वीजखात्याचा एक आडदांड वायरमन, ज्याला सगळे 'थ्री फेज' म्हणत, पाणीखात्याच्या मीटरवाल्याच्या अंगावर गेला. सरांचा हात खालीच होता. तरी फुर्रर्र!

"खांद्याला खांदा लागला, बाई! चालतं ते!" थ्री फेज ओरडला.

"माझ्याकडे चालत नाही. सॉरी म्हण."

"काय?"

"सॉरी म्हण. आणि हात मिळव. नीट, मनापासून."

लोक हसले. थ्री फेजने सरांकडे पाहिलं. सर आकाशाकडे पाहत होते. अखेर एवढ्या थोराड माणसाने सॉरी म्हटलं, हात मिळवला आणि खेळ पुढे सुरू झाला.

उत्तरार्ध संपत आला तरी एकही गोल झाला नव्हता. पाणीवाल्यांनी वीजवाल्यांच्या गोलपुढे हल्ला चढवला. दहा-बारा जण एकाच ठिकाणी घुसळत होते. मैदान आखायला टाकलेली फक्की वाळून खडखडीत झाली होती. तिचा एक ढग उठला आणि वाऱ्याबरोबर थेट सरांच्या नाकात शिरला.

सरांना सगळं कळत होतं. नाक हुळहुळलं. नाक दाबायचं नाही. तोंड मिटायचं नाही. भुकटी, भुकटी, भुकटी! त्यांनी पाय फाकवले, डोळे घट्ट मिटले, जबडा जेवढा उघडेल तेवढा उघडला आणि तोल सावरायला दोन्ही हात पसरले. "हाऽऽऽक्छी!" शिंकेच्या झटक्याने एक हात आभाळाकडे गेला आणि दुसरा नेमका वीजवाल्यांच्या गोलकडे.

फुर्रर्रर्र!

"पेनल्टी!" पाणीवाल्यांनी एकच जल्लोष केला.

सरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्याभोवती वीजखातं उभं होतं.

"कसली पेनल्टी?"

"आमच्याकडून काय झालं?"

"सर, आज रात्री घरी उजेडात जेवायचंय ना?"

सरांनी गोलकडचा हात खाली घेतला. काळ्या दगडावरची रेघ! गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण आयुष्यात त्यांनी खोटा निर्णय दिला नव्हता, आणि या वयात ते नव्याने शिकणं त्यांना झेपलं नसतं.

"ती पेनल्टी नव्हती," ते खाली मान घालून म्हणाले. "ती शिंक होती."

पाणीवाले उसळले. त्यांचा ढेरपोट्या गोलकीपर, ज्याला 'टाकी' म्हणत, तो आपला गोल सोडून धावत आला. "शिंक असो नाहीतर ढेकर! हात झाला, शिट्टी झाली, पेनल्टी झाली!"

"शिंकेवर गोल घेणार? लाज वाटते का?"

"पंप न थांबवणाऱ्यांनी—"

"पंप न थांबवणाऱ्यांनी—"

कॉलर धरल्या गेल्या. सर मधोमध गाल सांभाळत उभे. कुणाचा कोपर लागला तर नुकतीच भरलेली भुकटी एका क्षणात सायनसमध्ये!

तेवढ्यात शिट्टी वाजली. ती इतकी लांब वाजली, की माणसं धरलेल्या कॉलर धरूनच थांबली.

"सगळे खाली बसा," बाई म्हणाल्या. "मांडी घालून. थ्री फेज, तू पण. आता डोळे मिटा. कुणी चोरून बघायचं नाही. ज्याचा हात चेंडूला लागला असेल, त्याने हळूच हात वर करायचा. मी रागावणार नाही."

दोन खाती मैदानावर मांडी घालून, डोळे मिटून बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग थ्री फेजचा हात हळूहळू वर आला.

पाहणाऱ्यांच्या तोंडाचा आ झाला. फक्कीच्या ढगात चेंडू खरंच हाताला लागला होता, आणि सरांनी ती चूक मिटल्या डोळ्यांनी पकडली होती! सरांची छाती फुगली. शिंकेने का होईना, निर्णय बरोबर होता.

तोच आणखी एक हात वर आला. टाकीचा.

"तू तर त्या टोकाला होतास," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा कधी लागला?"

"मागच्या वर्षी," डोळे न उघडता टाकी म्हणाला. "चेंडू रेषेच्या आत गेला होता, बाई. मी हाताने बाहेर ओढला. सरांना दिसलं नाही."

सरांची छाती खाली आली. मागच्या वर्षी पाणीखातं एकाच गोलने जिंकलं होतं आणि शाबासकी सरांना मिळाली होती.

पेनल्टी पाणीवाल्यांनी घेतली, पण टाकीच्या कबुलीजबाबाने मारणाऱ्याचा नेम इतका चुकला, की चेंडू गोलवरून रस्त्यावर गेला. सामना बरोबरीत सुटला. दोन्ही कप्तानांनी कपाचा एकेक कान धरून फोटो काढला. त्या रात्री सरांच्या घरी दिवे लागले, नळालाही पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात चिटणीस पुन्हा घरी आले. बरोबर दोन्ही खात्यांचे साहेबही होते. सरांनी घाईघाईने सदरा घातला आणि समोर येऊन बसले. "डॉक्टर म्हणाल्या, हाड जागच्या जागी आहे," ते उत्साहाने म्हणाले. "पुढच्या वर्षापर्यंत मी अगदी ठणठणीत. काळजी नको."

"वा वा, छान झालं," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी मान वाकडी करून सरांच्या मागच्या दाराकडे पाहिलं. "बाई आहेत ना घरात? नाही म्हणजे, पुढच्या वर्षीचं विचारायला आलो होतो. दोन्ही खात्यांचं एकमत झालंय. पहिल्यांदाच."

सरांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"आणि मी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी वीजखात्याच्या साहेबांनी घसा खाकरला.

"तुम्ही लाइनवर झेंडा घेऊन उभे राहा ना, सर. झेंड्याला फुंक लागत नाही."

आतून बाईंचा आवाज आला. "उभे राहतील ते. पण शिंक आली, तर झेंडा आधी खाली ठेवायचा, हे कबूल करून घ्या."