बापूरावांची पाच अक्षरं

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. पाणी होतं, गवत होतं, वाघसुद्धा होता. नव्हतं ते फक्त इंग्रजी. आणि ते नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. यावरून ते जंगल किती मागासलेलं होतं, हे तुमच्या लक्षात येईल.

ही उणीव साळुंकीबाईंनी भरून काढली. बाई सहा महिने शहरात एका निवृत्त हेडक्लार्कच्या गॅलरीत, पिंजऱ्यात राहून आल्या होत्या. जंगलात मात्र त्या 'मी बाहेर असताना' एवढंच म्हणत. हे हेडक्लार्क रोज सकाळी चहाबरोबर एक खेळ खेळायचे. दोन अक्षरं ठरवायची आणि ती दोन्ही असलेला पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधायचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाईंनी तो खेळ बरोबर आणला.

महिन्याभरात जंगल त्याच्या मागे वेडं झालं. सकाळी बाई पाणवठ्यावरच्या उंबरावरून दोन अक्षरं सांगत आणि ज्याला शब्द सुचेल तो पाण्याला आधी तोंड लावी. ससे बिळात बसून याद्या पाठ करू लागले. 'मुलगा चार अक्षरांच्या पुढे गेलेला नाही' असं म्हणून एका सांबराचं जमलेलं लग्न मोडलं. शब्दाचा अर्थ काय, हे कुणी विचारत नसे. विचारणारा अडाणी ठरे.

या सगळ्यात एकटे बापूराव मागे राहिले. बापूराव म्हणजे काळ्या तोंडाचे म्हातारे वानर. पाणवठ्याकाठच्या ऐनाच्या उंच झाडावर, एका फांदीवर बसून वाघावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. वाघ दिसला की ते 'खकर, खकर' असं ओरडत आणि खालचे सगळे पळत. बारा वर्षांत त्यांच्या पहाऱ्यात एकही पाडस गेलं नव्हतं. त्या फांदीवर त्यांचा फार जीव होता.

पण आता खकर सगळ्यांना गावंढळ वाटू लागलं. सभा भरली. यापुढे इशाराही इंग्रजीत, पाच अक्षरांत आणि त्या दिवसाची दोन अक्षरं धरून द्यावा, असं ठरलं. ज्याला जमणार नाही त्याने फांदी सोडावी. ठराव मांडला चितळांच्या रेवाबाईंनी. त्यांचं पाडस दीड महिन्याचं होतं आणि त्याच्या कानावर चांगले शब्द पडावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

बापूराव मुकाट्याने साळुंकीबाईंच्या वर्गाला जाऊ लागले. पहिल्या ओळीत पोपट, शेवटच्या ओळीत बापूराव. आठ दिवसांत त्यांचे सात शब्द पाठ झाले आणि नववा दिवस उजाडला तेव्हा त्यातले पाच विसरलेही होते.

नवव्या दिवशी बाईंनी अक्षरं सांगितली, के आणि आर. सगळे पाण्याकाठी डोळे मिटून शब्द शोधत उभे राहिले. वाघाने नेमकी तीच वेळ साधली.

गवत हललं. बापूरावांना पट्टे दिसले. खकर गळ्यापर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं. नियम म्हणजे नियम. उरलेल्या दोन शब्दांपैकी एकात के होतं, दुसऱ्यात आर. वाघ वीस पावलांवर आला. बापूराव बोटांवर अक्षरं मोजत होते. वाघ दहा पावलांवर आला. रेवाबाईंचं पाडस पाण्यात वाकून स्वतःचे कान बघत होतं.

त्या कानांकडे बापूरावांचं लक्ष गेलं आणि त्यांनी मनातल्या मनात फांदीला रामराम केला.

"खकर! खकर! खकर!"

वाट फुटेल तिकडे सगळे पळाले. पाडस तर आईच्याही पुढे पळालं. उंबरावरून उतरून एका चितळाच्या पाठीवर बसलेल्या साळुंकीबाई उडाल्या खऱ्या, पण त्यांच्या शेपटीची दोन पिसं वाघाच्या पंजात राहिली. वाघाने त्या दिवशी तेवढ्यावरच भागवलं.

दुपारी सभा भरली. जीव वाचल्याचा आनंद करून झाल्यावर नियम मोडल्याची सगळ्यांना आठवण झाली होती. बापूराव आपणहून खाली उतरून आले.

"शब्द काही सुचला नाही," ते म्हणाले. "फांदी सोडतो. पण लेकराचे कान दिसले आणि माझ्याने राहवलं नाही."

रेवाबाई पाडसाला चाटत राहिल्या. त्यांना वर बघवेना.

एवढ्यात दगडोबा रानडुक्कर चिखलातून उठला. "माझं येक इचारनं हाय," तो म्हणाला. "जीव जर खकरनंच वाचतोय, तर ह्यो वर्ग कशापायी?"

सगळ्या माना साळुंकीबाईंकडे वळल्या. बाईंनी उरलेली शेपटी सावकाश नीट केली.

"खकर हा इंग्रजीच शब्द आहे," त्या म्हणाल्या. "फार जुना. मी बाहेर असताना रोज ऐकायची. पाच अक्षरं आहेत. के आहे, आरही आहे."

कासवाने नखांवर मोजून पाहिलं आणि सहा भरतात, असं भीतभीत सांगितलं.

"त्यातलं एक मुकं असतं," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत असतं तसं."

सभेचा जीव भांड्यात पडला. मला वाटलंच, ऐकायलाच किती भारदस्त वाटलं, असं रेवाबाई शेजारणीला सांगू लागल्या. बापूरावांना पळसाच्या फुलांचा हार घातला गेला आणि फांदी त्यांच्याकडेच राहिली. आपण बारा वर्षं इंग्रजी बोलत होतो, या विचाराने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलाच शब्द होता खकर. सगळ्यांनी तो दहा दहा वेळा म्हटला. पोपटाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग बापूरावांची पाळी आली. त्यांनी छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात खकर म्हटलं.

बाईंनी मान हलवली. "शब्द बरोबर आहे, बापूराव. पण तुमचा उच्चार फार गावठी येतो."

बापूराव शेवटच्या ओळीत जाऊन बसले आणि पोपटाकडे बघून सराव करू लागले.

तात्पर्य : मुलांनो, जीव वाचवायचा असेल तर खुशाल आपल्या भाषेत ओरडावं. मात्र वाचलेल्यांनी आपल्याला माफ करावं असं वाटत असेल, तर ते इंग्रजीच होतं असं सांगणारी एक साळुंकी नेहमी जवळ बाळगावी.