पिवळ्या बदकांचं संगनमत

दोन दिवसांचं प्रशिक्षण संपवून सलीमा घरी आली ती थेट गुप्तहेर खात्यात भरती झाल्यासारखी! चपला काढायच्या आत तिनं सासूला बजावलं, "अम्मी, आता एकही कंत्राटदार माझ्या नजरेतून सुटायचा नाही!"

नसीमबानू नातीला मांडीवर घेऊन पेज भरवत होत्या. "नजर नंतर लाव," त्या म्हणाल्या, "आधी हात धू."

सलीमा वीजखात्याच्या खरेदी विभागात इंजिनीअर. खांब, तारा, मीटर, जे काही विकत घ्यायचं त्याची टेंडरं तिच्या टेबलावरून पुढे जायची. आणि प्रशिक्षण होतं ते कंत्राटदारांचं संगनमत कसं ओळखायचं याचं. म्हणजे या खेपेला काम तू घे, पुढच्या खेपेला मी घेतो, बाकीच्यांनी उगाच चढे भाव टाकून टाळ्या वाजवायच्या, असला प्रकार! तीन वेगळ्या कंपन्यांच्या कागदांत एकच चूक दिसली, एकाच तऱ्हेची बांधणी दिसली, की समजावं तिघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर झालाय. सलीमानं सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेवढी ती तासभर व्हरांड्यात फोनवर होती. "अम्मी, ढेकर आली का? नाही आली? मग उभी धरा ना तिला! कुणाला म्हणजे काय, जैनबला!"

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली तेव्हापासून ऑफिसात कुजबुज होतीच. "मॅडम खुर्चीत असतात हो, पण जीव पाळण्यात!" हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिथंच रुतून बसलं होतं. आता एक तरी चोरी पकडून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा तिनं चंग बांधला.

सरावाला घर होतंच. नवरा रियाज भाजी घेऊन आला. "वांगी काय भावानं?" त्यानं भाव सांगितला. मग तिनं सासूला वेगळं गाठून विचारलं. त्यांनीही तोच सांगितला.

"बघा! दोघांचा आकडा तंतोतंत सारखा!"

"अगं, कारण भाव तोच आहे!" रियाज ओरडला.

"सगळे असंच म्हणतात," सलीमा गंभीरपणे म्हणाली.

मग तिनं जैनबच्या झबल्याचं प्रकरण पुन्हा उकरून काढलं. पिवळ्या बदकांचं चांगलं भरपूर कापड तिनं हौसेनं आणलं होतं. नसीमबानूंनी ते येरवड्यातल्या त्यांच्या नेहमीच्या गुलजार टेलरकडे टाकलं, आणि परत आलं एकच झबलं!

"गुलजार म्हणतो, बाकीचं झालरीत गेलं," नसीमबानू म्हणाल्या.

"झालरीत? अम्मी, झालर जैनबला लावली की पर्वतीला?"

"तू विचार त्याला. माझे कपडे अजून त्याच्याकडेच आहेत, मी भांडायची नाही."

आणि पुढच्याच आठवड्यात सलीमाला हवी होती ती संधी चालून आली. विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरचं टेंडर निघालं होतं. भाव कॉम्प्युटरवरून यायचे, पण वस्तूचा नमुना मात्र कापडी पिशवीत शिवून, वर लाखेचा शिक्का मारून येरवड्याच्या स्टोअरमध्ये द्यायचा असा नियम. तिथून तीन कंत्राटदारांच्या तीन पिशव्या तिच्या टेबलावर आल्या, आणि सलीमाच्या कानशिलात झांजा वाजायला लागल्या!

तिन्ही पिशव्यांचं कापड एक! टाका एक! कोपऱ्यातली दुहेरी गाठसुद्धा एक! वर फिकट पांढुरकं दिसत होतं आणि आतून कसलेसे पिवळट ठिपके डोकावत होते.

"खुणेचे ठिपके!" ती पुटपुटली.

पिशव्या छातीशी धरून ती साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. यज्ञेश्वर निमकर साहेब निवृत्तीला आलेले. त्यांना आता चहाखेरीज कशाचीच घाई नसायची.

"सर, संगनमत! उघडंनागडं संगनमत! तिघंही काळ्या यादीत जाणार!"

साहेबांनी पिशव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "बरं. मग आता काय करायचं म्हणता?"

हे व्हरांड्यातल्या त्या तासात सांगून झालं असणार अशी पुसट शंका सलीमाला आली. तिनं ती झटकली. "तिघांना एकाच वेळी, एकाच खोलीत समोरासमोर बसवू, सर! एकमेकांची तोंडं पाहिली की आपोआप फुटतील!"

"बघा बुवा," साहेब म्हणाले. "प्रशिक्षण तुमचं झालंय."

ठरल्या दिवशी तिघं आले. लोणी काळभोरचे बजरंग काळभोर, पेठेतले अनंत लिमये आणि कात्रजच्या पद्मजा धनकवडे. वर्षानुवर्षं एकमेकांची कामं हिसकावत आलेली ही मंडळी, पण एकमेकांना पाहत होती पहिल्यांदाच!

"लिमये म्हंजी ह्येच व्हय?" काळभोर दारातच थबकले. "माज्या तोंडचा घास पळिवणारा मानूस आसा किडकिडीत आसंल, आसं वाटलं न्हवतं!"

"किडकिडीत आहे म्हणूनच कमी भावात भागतं," लिमये म्हणाले आणि पंख्याखालची खुर्ची पकडून बसले.

"तुम्ही दोघं भाव पाडता आणि ब्लडप्रेशरची गोळी मी घेते!" पद्मजाबाई कडाडल्या.

खरं तर इथंच सलीमाला समजायला हवं होतं. पण ती आता थांबणार होती थोडीच! तिनं तिन्ही पिशव्या टेबलावर ओळीनं मांडल्या. "एकच कापड, एकच टाका, एकच गाठ! आपण तिघांनी मिळून टेंडर भरलंत. कबूल करा!"



"संगनमत?" लिमये म्हणाले. "मॅडम, आमचं सौभाग्यवतींशी होत नाही. यांच्याशी कुठलं?"

"आवं म्याडम, तुमचा स्टोअरवाला नमुना उगडा घेत न्हाई! कापडात शिवून आना म्हनतो. समूर एकच शिंपी हाय!"

"त्याच्याचकडे मीही गेले," पद्मजाबाई म्हणाल्या. "का शिंप्यासाठीसुद्धा टेंडर काढायचं होतं?"

 तरी सलीमानं शेवटचा वार केला. "मग हे आतले ठिपके कसले?"

"आत्ता बगू की!" म्हणत काळभोरांनी एक पिशवी टराटरा उसवली, इन्सुलेटर बाहेर काढला आणि कापड झटकून सुलट केलं.

पिवळी बदकं! पाण्यात पोहणारी, चोच वर केलेली, ठसठशीत पिवळी बदकं!

तेवढ्यात दार ढकलून नसीमबानू आत आल्या. दुपारी जैनबला अंगावर पाजायला त्या रोज ऑफिसात घेऊन येत. कडेवर जैनब होती. जैनबच्या अंगावर झबलं होतं. झबल्यावर बदकं होती.

तीन कंत्राटदारांनी टेबलाकडे पाहिलं. मग जैनबकडे पाहिलं. मग पुन्हा टेबलाकडे. जैनबनं खुशीत येऊन टाळ्या वाजवल्या.

"मॅडम," लिमये अत्यंत अदबीनं म्हणाले, "ही चौथी पार्टी. यांचा नमुना कुठाय?"

"या अल्ला!" नसीमबानूंनी कपाळावर हात मारला. "गुलजार तर म्हणाला झालरीत गेलं! अन् स्टोअरसमोर बसून माझ्या नातीच्या बदकांच्या थैल्या शिवतोय होय मेला!"

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं सलीमाला वाटलं. पण जमिनीला सरकारी फरशी होती, ती कसली दुभंगते! निमकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, एक चोर सापडला म्हणायचा," ते म्हणाले. "आता या मंडळींसाठी चहा सांगा."

सलीमानं चहा सांगितला, बिस्किटं सांगितली, वर माफीही मागितली. मग जैनबला घेऊन ती पलीकडच्या खोलीत गेली. जैनब दूध पीत होती आणि सलीमा रडू पीत होती. भिंतीपलीकडून आधी खोकल्यासारखं हसू आलं, मग खळखळून, मग टेबल बडवत! बराच वेळ. काळभोर म्हणत होते, "आता वळख झालीच हाय, तर या की हुरड्याला! लिमये, तुमीबी! खाऊन जरा आंग धरा!" पद्मजाबाई म्हणत होत्या, "नंबर द्या तुमचा. मी ग्रुपच करते."

चला, निदान चिडले तरी नाहीत, असं म्हणून सलीमानं डोळे पुसले.

पुढचं टेंडर निघालं ते तारांचं. नमुने आले. एक पिशवी खादीची, एक तागाची आणि एक चक्क मखमलीची! टाका वेगळा, गाठ वेगळी. मग भाव उघडले. काळभोर सगळ्यांत खाली, बाकी दोघं त्यांच्या जरासे वर, आणि तिघंही गेल्या सालापेक्षा कितीतरी वर! त्यापुढच्या टेंडरला पद्मजाबाई खाली आणि ते दोघं वर. त्यानंतर लिमये! पंगतीत वाढावं तसं, एकेकाला, शिस्तीत.

सलीमा दोनदा साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा आत गेली.

"सर... या वेळी खरंच संगनमत आहे."

"पुरावा?"

"पिशव्या," सलीमा खाली मान घालून म्हणाली, "फारच वेगवेगळ्या आहेत, सर."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "घरी बाळ बरं आहे ना?" त्यांनी मायेनं विचारलं. ते हसले असते तर बरं झालं असतं!

मग उजळणीचं प्रशिक्षण आलं. सलीमा पहिल्या रांगेत बसली. प्रशिक्षक तेच होते.

"मागच्या वेळी दुसऱ्या दुपारी सांगितलेला सगळ्यांत मोठा नियम कुणाला आठवतो?" त्यांनी विचारलं. "बोली लावणाऱ्यांची आपण होऊन कधीही ओळख करून द्यायची नाही! एकमेकांना ओळखत नाहीत तोवरच ते भांडतात. आता ऐका गंमत! एका ऑफिसनं म्हणे तीन कट्टर वैऱ्यांना मुद्दाम बोलावलं, एका खोलीत बसवलं आणि वर चहा-बिस्किटं दिली!"

सभागृह हसून लोळायला लागलं. सलीमा सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"कुणाचं डोकं असेल हो हे?" डोळे पुसत प्रशिक्षक म्हणाले आणि पहिल्या रांगेवरून एकेकाकडे पाहत पुढे सरकू लागले.

सलीमानं घाईघाईनं पर्समधून फोन काढून कानाला लावला. "हां अम्मी, बोला! ढेकर आली का?" असं म्हणत, वाकून वाकून, ती व्हरांड्यात निघून गेली.

फोन वाजलाच नव्हता.