कडी कुणी काढायची
सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता सँडीफोर्ड या आयरिश उपनगरातल्या एका कंपनीतल्या एका प्रोग्रामचं आकस्मिक निधन झालं. काम त्याचं साधं होतं. दवाखान्यांतल्या पेशंटांच्या तारखा तो मेमरीच्या एका सामाईक कप्प्यात लिहून ठेवायचा. दुसरा प्रोग्राम त्या वाचून पेशंटांना पत्रं पाठवायचा. दोघं एकदम कप्प्यात शिरले तर नाव एकाचं आणि तारीख दुसऱ्याची होण्याची भीती, म्हणून आत जाणाऱ्याने कडी लावायची आणि निघताना काढायची, असा शिरस्ता होता. पहिला कडी लावून आत गेला आणि आतच गेला.

पत्रवाला दाराशी थांबला. यंत्रणेने पहिल्याला तत्काळ नवा जन्म दिला, पण गेल्या जन्मी कडी आपणच लावली होती हे त्याला आठवेना. तोही रांगेत उभा राहिला. पत्रं जात नाहीत असं पाहून यंत्रणेने आणखी पत्रवाले नेमले. दुपारपर्यंत रांगेत चाळीस जण होते. थांबलेला प्रोग्राम हा चालूच समजायचा असतो, त्यामुळे भिंतीवरचा फलक हिरवागार होता. मॅनेजर डेक्लनने तो पाहिला, 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला.

कडी काढायला एक ओळ पुरली असती. ती टीममधल्या गिरीश केळुसकरला पाठ होती. अडचण एवढीच, की तसं करायला बंदी होती आणि बंदी गिरीशनेच घातली होती. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी जिवंत प्रोग्रामची कडी काढून घोळ घातल्यावर त्याने चौदा पानी 'सामाईक मेमरी वापर धोरण' लिहिलं होतं. त्याबद्दल त्याला काचेचं स्मृतिचिन्हही मिळालं होतं. कलम सहा: मालकाच्या लेखी संमतीशिवाय कडी काढू नये.

"मालक मेलाय, गिरीश," टीममध्ये नवीनच आलेली स्वप्नाली म्हणाली.

"वारस?"

"पुनर्जन्म झालाय. पण तो कानावर हात ठेवतोय."

"मग अपवाद समिती," गिरीश म्हणाला. आपल्या धोरणात याचीही सोय आहे, याचं त्याला मनातून कौतुक वाटलं.

समितीत पाच सभासद होते. अर्ज ऑनलाइन होता आणि तो एका वेळी एकालाच उघडता यायचा. एका सभासदाने तो उघडला आणि तसाच उघडा ठेवून तो आठवड्याच्या सुट्टीवर केरीला गेला. उरलेले चौघे शिस्तीत थांबले. गिरीशने मंगळवारी स्मरणपत्र पाठवलं आणि बुधवारी त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र. त्याच दिवशी डेक्लनने टीमचं अभिनंदन केलं, कारण तीन दिवसांत पत्रांबद्दल एकही तक्रार आली नव्हती. ज्यांना पत्रच मिळालं नाही, ते तक्रार तरी कशाची करणार?

गुरुवारी संध्याकाळी ओंगारच्या घरी गिरीशची बायको पद्मजा जेवायला बसली. ती सरकारी हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर होती.

"आज ओपीडीला तीनच पेशंट," ती म्हणाली. "बाकीच्यांना पत्रंच गेली नाहीत म्हणे. एक बाई आठ महिने गुडघा धरून बसल्यात. आज त्यांची तारीख होती, ती गेली."

गिरीशने तिला वीस मिनिटं सगळा प्रकार समजावून सांगितला. सांगताना तो चांगलाच रंगला.

"ती कडी कोण काढू शकतं?" पद्मजाने विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या?"

"गिरीश."

"मी."

"मग?"

"प्रश्न प्रक्रियेचा आहे."

पद्मजाने ताट उचललं. "उद्या मी त्या बाईंना फोन करणार आहे. कुणामुळे झालं असं त्यांनी विचारलं, तर तुझं नाव सांगू की कलम सहा?"

गिरीश उठून हात धुवायला गेला. चार दिवस त्याने माणसांचाच विचार केला होता. फक्त ती सगळी समितीतली होती.

शुक्रवारी सकाळी त्याने कडी काढली. तीन सेकंद लागले. मेलेला प्रोग्राम एक नोंद अर्धवट टाकून गेला होता: नाव डून लेरीच्या एका आजोबांचं, तारीख भलत्याचीच. गिरीशने ती दुरुस्त केली आणि आजोबांना स्वतः फोन केला. "यू आर ग्रँड, काही हरकत नाही," आजोबा म्हणाले. थांबण्याची त्यांना सवय होती. हुकलेल्या तारखा नव्याने द्यायला संध्याकाळ झाली. त्या यादीत गुडघ्याच्या बाईंचं नाव त्याने सर्वांत वर घातलं.

धोरणाचा भंग झाला होता, त्यामुळे चौकशी आलीच. विषयातला तज्ज्ञ एकच असल्याने चौकशी अधिकारी म्हणून गिरीशची नेमणूक झाली. त्याने स्वतःला कडक शब्दांत दोषी ठरवलं आणि धोरण एकतीस पानांचं केलं. ते दोनशे चाळीस कर्मचाऱ्यांना गेलं. तळाशी चौकट होती: 'मी हे संपूर्ण वाचलं असून मला मान्य आहे.' पहिली मान्यता चार सेकंदांत आली. सकाळी अकरा वाजायच्या आत सगळ्या आल्या.

दुपारी स्वप्नाली त्याच्या टेबलाशी आली. "एकोणिसाव्या पानावर तुझी किराणा यादी चिकटलीये. तूरडाळ, हिंग, डिशवॉशरच्या गोळ्या. सगळ्यांना मान्य आहे."

गिरीशला हे फार लागलं. लोक काही वाचत कसे नाहीत, यावर तो तिला दोन शब्द ऐकवणार होता, तेवढ्यात त्याच्या फोनवर कुठल्याशा ॲपच्या नव्या अटी आल्या. त्याने बोलता बोलता अंगठ्याने 'मान्य' दाबलं.

तुम्ही हसलात. ठीक आहे. पण तुम्ही शेवटचं 'मान्य' कोणत्या अटींना म्हणालात, तेवढं सांगता येईल?