जॉर्जचं पहिलं बाळंतपण

हव्वाबीची ट्रंक अर्धी भरून झाली होती, आणि खैरुद्दीन दारात एक पिंजरा घेऊन उभा होता. पिंजऱ्यात मुंगसासारखी दिसणारी दोन लांबुडकी जनावरं एकमेकांच्या अंगावर झोपली होती.

"हे काय वो?"

"फेरेट. आमच्या बार्लो साहेबाचे हायत. साहेब तीन महिने लीववर चाललाय विलायतेला."

"मग?"

"मला म्हणाला, खैरुद्दीन, यू आर अ गुड मॅन."

हव्वाबीनं कपाळाला हात लावला. नवऱ्याला कुणी गुड मॅन म्हटलं की घरात काहीतरी येऊन पडतं, हे तिला दुबईत आल्यापासून कळून चुकलं होतं. चाक नसलेलं शिवणयंत्र असंच आलं होतं. केळशीचा कुणाचा तरी मावसभाऊ असाच येऊन महिनाभर घोरून गेला होता. खैरुद्दीन खाडीपलीकडं देऱ्याला, खाडीचा तळ मोजून गाळ उपसणाऱ्या कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. कुठला नट कुठल्या फळीवर हे तो डोळे मिटून सांगायचा, पण 'नाही' हा एकच माल त्याच्या स्टोअरमध्ये कधी आला नव्हता.

आणि म्हणूनच तर ट्रंक भरली जात होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली बहुतेक हव्वाबीनं बाणकोटला सासू, जावा आणि कोंबड्यांच्या गलक्यात काढली होती. मूलबाळ नव्हतं. नवरा दोन-दोन वर्षांनी यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. अखेर त्यानं खाडीच्या अलीकडं, बर दुबईत बाजारामागं वारा खाली ओढणाऱ्या बुरुजाचं एक जुनं घर भाड्यानं घेतलं, विजेचा नवा दिवा लावला आणि बायकोला बोलावून घेतलं. पण सकाळी तो अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून खाडीपार गेला की घरात चिटपाखरू नसे. "परवा मी माठाला सलाम केला," ती एकदा म्हणाली, आणि ती हसत नव्हती. "पावसाआधीच्या बोटीनं मला पाठवून द्या." खैरुद्दीन सवयीनं "हो" म्हणाला होता.

तो हो आता त्याला सलत होता. एकदा गेली की ती परत यायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग पुन्हा स्टोव्हवरचा भात आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून झोपणं. बायकोवर त्याचा जीव होता, पण ते सांगणार कसं? 'राहा' म्हणायचं तर आधी 'नाही' म्हणावं लागतं.

"नावं टॉम आणि जॉर्ज," तो आता पिंजरा खाली ठेवत म्हणाला. "दोघे भाऊ हायत. अंडं नि मटण खातात. गरमी सोसत नाय त्यांना."

"मी हात लावणार नाय," हव्वाबी म्हणाली. "बोट आली की मी चालले. तुमी आणि तुमचे भाऊ बघून घ्या."

दोन दिवसांत टॉम आणि जॉर्जनं घर ताब्यात घेतलं. त्यांना चोरीचं भारी वेड. खैरुद्दीनचे मोजे गेले, डाव गेला, हव्वाबीची जपाची तसबी गेली. एके सकाळी खैरुद्दीन एक चप्पल हातात घेऊन कामाला जायच्या वेळी घरभर दुसरी शोधत फिरला. सगळा माल तांदळाच्या गोणीमागं नीट रचलेला सापडे, आणि परत घेतला की संध्याकाळपर्यंत पुन्हा तिथं जाई. हव्वाबी आधी किंचाळली, मग रागावली, मग ओरडू लागली, आणि ओरडायचं म्हणजे बोलणं आलंच.

खैरुद्दीन अब्र्यातून उतरून गल्लीत शिरला की आता त्याला आतून तिचा आवाज ऐकू येई. "टॉम, ठेव तो चमचा. जॉर्ज, तू मोठा ना रे, तू तरी शहाण्यासारखा वाग." तो दाराबाहेर जरा वेळ उभा राहायचा आणि मगच कडी वाजवायचा.

पण ट्रंकही भरतच होती. हव्वाबी जाणार हे कळल्यावर दुबईतला बाणकोटचा जो तो घरी पुड्या आणून देऊ लागला. आईला अत्तर, बहिणीला कापड, कुणाच्या सासऱ्याला बॅटरी. गावी जाणाऱ्याला नको म्हणता येत नाही, हा तिथला रिवाज. जॉर्जही दिवसेंदिवस गोल होत चालला होता. "अंडी कमी घाल," खैरुद्दीन म्हणाला. "वाढतं अंग हाय, खाऊ दे," हव्वाबी म्हणाली. हात न लावण्याची भाषा तोवर कुणाला आठवत नव्हती.

बोटीला आठवडा उरला असताना हव्वाबीची लाल ओढणी नाहीशी झाली. गोणीमागं ती नव्हती. माळ्यावर नव्हती. खैरुद्दीन दाढी करत होता तेव्हा आतल्या खोलीतून तिची हाक आली, एकदम हळू.

"अवो, इकडं या. आवाज करू नका. तुमचा भाऊ बाळंत झाला."

ट्रंकेत, कुणाच्या तरी आईच्या अत्तरावर आणि कुणाच्या तरी बहिणीच्या कापडावर लाल ओढणीचं घरटं करून जॉर्ज आडवा झाला होता, म्हणजे झाली होती. पोटाशी बोटाएवढी सात गुलाबी पिल्लं.

गालावर साबण घेऊन खैरुद्दीन बघतच राहिला. "साहेब म्हणाला होता भाऊ हायत म्हणून."

"साहेब खाडीचा तळ मोजतो ना? तोही एकदा परत मोजून घ्यायला सांगा."

"बरं, मी हळूच ट्रंक मोकळी करतो. तुला पुढच्या आठवड्यात..."

"खबरदार. बाळंतिणीची जागा हलवतात काय?"

"मग बोट?" त्यानं जपून विचारलं.

"बोट काय, परत येईल. बाळंतीण घरात टाकून कोण जाईल? चाळीस दिवस व्हायचे हायत अजून." हव्वाबीनं पदर खोचला. "आणि तुमी बाहेर व्हा. पुरुष माणसाचं काम नाय इथं."

खैरुद्दीन चहा करायच्या निमित्तानं पाठ फिरवून गेला. तोंडावरचा आनंद साबणाखाली झाकला जात नव्हता.

त्या दिवसापासून त्या घरात बाणकोटच्या रिवाजानं बाळंतपण सुरू झालं. आतली खोली बंद. टॉम आणि खैरुद्दीन या दोघांची अंथरुणं अंगणात पडली. हव्वाबीनं बाजारातून मेथी आणि खारीक आणून लाडू वळले. जॉर्जनं एकही खाल्ला नाही, पण सगळे इमानेइतबारे गोणीमागं नेऊन ठेवले. धुरी दिली तर ती इतकी शिंकली की पहिल्याच दिवशी ती बंद करावी लागली. ऊन चढू लागलं तशी हव्वाबी बुरुजाखाली ओली गोणपाटं टांगायची आणि ट्रंकेशी बसून वारा घालायची. जॉर्जची आता जॉर्जबी झाली होती. आपण आई झालो नाही हे हव्वाबी कधी बोलून दाखवत नसे. पण पहिल्या पिल्लानं डोळे उघडले आणि समोर तीच दिसली, तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसायलाही विसरली.

चाळिसावं झाल्यावर गावकरी पुड्यांची चौकशी करायला आले ते पिल्लांवर भाळूनच गेले. तांदळाचा व्यापारी लियाकत तर हटूनच बसला.

"भाबी, एक दे ना. गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलाय."

"घरात मांजर हाय?"

"नाय."

"जेवायला कोण घालतं? तुझी बायको तर गावी."

"मी घालीन, भाबी. रोज मटण."

"तू स्वतः रोज खजूर खातोस. विचार करून सांगते."

लियाकतला पिल्लू मिळायला तीन खेपा पडल्या. अशी चौकशी करून करून चार पिल्लं चांगल्या घरी पडली. पण पावसाआधीची शेवटची बोट आता जवळ आली होती. पाऊस लागला की मुंबईहून बाणकोटला लाँच जात नाही. खैरुद्दीन रोज बोटीच्या ऑफिसवरून जायचा आणि आत न शिरता पुढं जायचा. हव्वाबी विचारत नव्हती, तो सांगत नव्हता.

आणि बार्लो साहेब परत आला. आल्या आल्या त्यानं ड्रायव्हर जहूरला पिंजरा घेऊन पाठवलं. हव्वाबीनं जहूरला सरबत पाजलं आणि पिंजरा रिकामाच परत दिला. "बाळंतीण ड्रायव्हरबरोबर पाठवत नाहीत," एवढाच निरोप.

दुसऱ्या दिवशी साहेबानं खैरुद्दीनला केबिनमध्ये बोलावलं. "माझे फेरेट कुठे आहेत?"

"सर, माय वाइफ सेज, मदर्स हाऊस, सर. फर्स्ट डिलिव्हरी."

"अरे वा, अभिनंदन. मुलगा की मुलगी?"

"सेव्हन, सर."

साहेबानं पाइप तोंडातून काढला.

"जॉर्ज, सर," खैरुद्दीन खाली बघून म्हणाला. "जॉर्ज इज द मदर."

संध्याकाळी साहेब स्वतः आला. हॅट काखेत, कपाळावर घाम. हव्वाबी आतल्या दाराच्या पडद्याआड उभी होती.

"रिकाम्या हातानं आलाय?" तिनं विचारलं.

"हव्वा, साहेब हाय तो माझा. नोकरीचा प्रश्न हाय."

"तुमचा साहेब असेल. माझा व्याही हाय. पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. मुलीला न्यायला असं येतात काय? मिठाई नाय, बाळांना कपडा नाय. त्यांना सांगा, असं नाय पाठवणार."

"काय म्हणतात मॅडम?" साहेबानं विचारलं.

खैरुद्दीननं पडद्याकडं पाहिलं. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती, घट्ट रोवलेली. तिथं एक बाई उभी होती, जिला या मुलखात तिच्या स्वतःच्या घरात कुणीही आजवर काही विचारलं नव्हतं. त्यानंही नाही. त्याला एकदम आपलीच लाज वाटली.

"सर," तो म्हणाला, "नो."

साहेबाचा विश्वास बसेना. खैरुद्दीनचाही बसला नाही. पण एकदा तोंडातून निघाल्यावर पुढचं आपोआप आलं. माहेर म्हणजे काय, सासर म्हणजे काय, व्याह्यानं कसं यायचं असतं, हे सगळं त्यानं गोदामाच्या इंग्रजीत समजावून सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग हॅट घालून निघून गेला. खैरुद्दीन त्या रात्री नोकरी गेली असं धरून चालला.

पण गुरुवारी साहेब पुन्हा आला. एका हातात मस्कती हलव्याचं ताट, दुसऱ्यात लोकरीचा इवलासा मफलर. तो त्यानं बहुधा स्वतःचाच कापला होता. चटईवर मांडी घालून बसताना त्याचे गुडघे कडकड वाजले, पण तो बसला. हव्वाबीनं व्याह्याला सांदणं खाऊ घातली. मग जॉर्जबीला नव्या गोधडीत गुंडाळलं, टॉमला नि पिल्लांना पिंजऱ्यात ठेवलं, सोबत लाडवांचा डबा दिला. "तुमच्या बंगल्यात थंड हवेचं मशीन हाय म्हणून सगळी पाठवते," ती पडद्याआडून म्हणाली, "नाय तर पाठवली नसती." आणि मग तिला रडू आवरेना. साहेबानं डोक्यावरून हॅट काढली आणि पिंजरा दोन्ही हातांनी धरून गल्लीतून अगदी हळू चालत गेला.

घर एकदम सुनं झालं. गोणीमागं फक्त गोणी होती. शनिवारी बोट होती. खैरुद्दीन अंगणात बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग आत आला.

"हव्वा, मी तिकीट काढलं नाय."

"ठाऊक हाय."

"काढणारही नाय." त्याचा आवाज चिरकला. "तू जायचं नाय. मला करमत नाय तुझ्याशिवाय. नाय म्हणजे नाय."

हव्वाबी म्हणाली, "एवढं बोलायला सात पोरं व्हावी लागली."

"पण तुझी ट्रंक..."

"ट्रंकेतल्या पुड्या मी मागच्या आठवड्यातच लोकांना परत केल्या. गावचं दुसरं कुणीतरी बोटीनं चाललंय, त्याच्याबरोबर धाडतील." तिनं ट्रंकेचं झाकण हळूच उचललं. "हळू बोला. झोपलीय."

लाल ओढणीत एक पिल्लू वेटोळं करून निजलं होतं. पोटाखाली खैरुद्दीनचा मोजा. चार पिल्लं गावकऱ्यांकडं गेली, दोन आईबरोबर साहेबाच्या जुमेऱ्याच्या बंगल्यावर गेली असणार. खैरुद्दीननं मनातल्या मनात स्टोअरचा ताळा जुळवला आणि मान हलवली.

"साहेबाला म्हणालीस ना, सगळी पाठवली?"

"मुलीला पाठवलं. नात ठेवून घेतली. आजीचा हक्क असतो."

खैरुद्दीन ट्रंकेपाशी उकिडवा बसला. पिल्लानं झोपेतच त्याचं बोट धरलं. "नातच हाय ना नक्की? की नातू?"

"मला काय ठाऊक," हव्वाबी ओलं गोणपाट पिळत म्हणाली. "पुढच्या वर्षी कळेल."